हिवाळ्यातलं ट्युनिंग उन्हाळ्यात का बिघडतं?
थंडीत कार्ब्युरेटर सेट केला आणि उन्हाळ्यात गाडी काळा धूर सोडू लागली, म्हणून तुम्ही आयडल स्क्रू फिरवताय. पण तो स्क्रू आयडलपुरताच, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन चालू राहण्यापुरता. भरधाव वेगात हवा-पेट्रोलचं मिश्रण मेन जेट (कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा भाग) ठरवतो. ४० अंशांची हवा ० अंशांच्या हवेपेक्षा साधारण १३ टक्के विरळ असते, त्यामुळे मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. दमट हवेत आणि घाटमाथ्यावरही तेच. स्पार्क प्लग काढून बघाच: फिकट तपकिरी असेल तर उत्तम, काजळी धरली असेल तर रिच, मग जेट लहान करा. पांढराफटक दिसला तर मात्र लगेच थांबा, लीन (पेट्रोल कमी असलेल्या) मिश्रणाने पिस्टन वितळू शकतो! म्हणून उन्हाळ्यात लहान केलेला जेट थंडी पडताच आठवणीने बदला. आणि हो, आधी एअर फिल्टर तपासा.