प्रतिसाद: वसई ते सोपारा सायकलने

मुंबईच्या जवळ जंगल, तलाव आणि इतिहास एकाच सायकल फेरीत मिळत नाहीत, त्यासाठी थेट सह्याद्री ओलांडावा लागतो, हे मत मला पटत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांचा रस्ता सर्वांना ठाऊक आहेच. परंतु तुळशी आणि विहार हे तलाव पाणीपुरवठ्याचे असल्याने तिथे मनसोक्त फिरता येत नाही. म्हणून मी वसईचा आग्रह धरेन.

भाईंदरहून रो-रो (वाहने वाहून नेणाऱ्या) बोटीत सायकल चढवली की महामार्गाची वर्दळ टळते आणि खाडी ओलांडताच वसईचा किल्ला येतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेला हा किल्ला सायकलवरून भरभर पाहून संपवू नये. पडक्या चर्चच्या फरशीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळांवर पोर्तुगीज अक्षरे अजून दिसतात. ती सकाळच्या तिरप्या उन्हात अधिक स्पष्ट वाचता येतात, त्यामुळे शक्यतो पहिली बोट गाठावी.

पुढे गिरीज, निर्मळमार्गे सोपाऱ्याकडे जाणारे रस्ते केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांमधून जातात. निर्मळला तळ्याकाठी विसावा घ्यावा. सोपाऱ्यात चक्रेश्वर तलाव आणि १८८२ मध्ये पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केलेला विटांचा बौद्ध स्तूप, दोन्ही आवर्जून पाहावेत. जंगलाची ओढ असलेल्यांनी पूर्वेकडचे तुंगारेश्वर अभयारण्य मात्र स्वतंत्र दिवशी, रुंद टायरची सायकल घेऊन करावे, कारण तिथली वाट खडकाळ आहे आणि पावसाळ्यात ओढ्यांना अचानक पाणी चढते.