क्षेम देऊं गेलें: मिठी की खुशाली?

वेंगुर्लेकरीण:
मंडळी, एका शब्दावर अडलेय. जरा लवकर सांगा, पत्रक छापायला टाकायचंय.

आमच्या वाडीत बायकांचं भजनी मंडळ आहे. यंदा कार्तिकी एकादशीला देवळात नुसत्या विरहिणी आणि गौळणी घ्यायच्या असं ठरलंय. माझे व्याही-विहीण कोलकात्याचे, ते तेव्हा इथेच असणार. त्यांना कळावं म्हणून अभंगाशेजारी इंग्रजी अर्थ द्यायची टूम सुनेने काढली आणि काम गेलं पुण्याच्या भाच्याकडे. पोरगं हुशार आहे. ‘घनु वाजे घुणघुणा’ झकास केलंय. पण ज्ञानोबांच्या ‘पांडुरंगकांती’त गाडी रुतली.

क्षेमालागीं मन उतावीळ माझें
म्हणोनि स्फुरताती बाहो
क्षेम देऊं गेलें तंव मीचि मी एकली
आसावला जीव राहो

त्याने केलंय, ‘खुशाली विचारायला मन उतावीळ झालं.’ मी म्हटलं, अरे, क्षेम म्हणजे मिठी. तर म्हणतो, “मावशी, योगक्षेम, क्षेमकुशल, सगळीकडे क्षेम म्हणजे कल्याण. मिठी कुठून आणलीस?” आता कुठून आणली ते मलाही सांगता येईना. आजीकडून आणली. ती शाळेत गेलेली नव्हती. तांदूळ निवडताना हा अभंग म्हणायची आणि या ओळीला आली की सूप खाली ठेवून दोन्ही हात छातीशी आवळायची. उजव्या हातात डावा दंड, डाव्यात उजवा. मग परत सूप. एवढाच माझा पुरावा.

बापू_देवरुख:
ताई, आजींना पैकीच्या पैकी. भाचेसाहेब काठावर पास.

पहिली गोष्ट, खुशाली विचारतात नाहीतर कळवतात, ती ‘देत’ नाहीत. इथे क्रियापद ‘देणे’ आहे. दुसरी, खुशाली विचारायला बाहू कशाला स्फुरतील? तोंड स्फुरेल फार तर. जुन्या मराठीत आलिंगनाला ‘खेंव’ म्हणत, ‘खेंव देणे’ म्हणजे मिठी मारणे. हा खेंव आला क्षेमातूनच. ग्रामाचं गाम होऊन गाव झालं, नामाचं नाव झालं, तसं क्षेम, खेम, खेंव. दाते-कर्व्यांच्या कोशात बघा, क्षेमापाशीही आलिंगन हा अर्थ मिळेल. भेटल्यावर उराउरी भेटायचं आणि क्षेम विचारायचं, या दोन्ही गोष्टी एकदमच घडतात, म्हणून विचारण्याचं नाव मिठीला चिकटलं. ‘क्षेमालिंगन’ हा जोडशब्द आहेच की मधल्या पायरीवर.

खाडीपलीकडचा:
बापूकाका, खेंव म्हणजे क्षण ना? ज्ञानेश्वरीत ‘देखतखेंवो’ येतं. म्हणजे पाहताक्षणी. मग ‘क्षेम देऊं गेलें’ म्हणजे क्षणभर भेटायला गेले, असं का नको?

बापू_देवरुख:
तो खेंव वेगळा. दिसायला जुळे, घराणी वेगळी. ‘येतखेंवो’, ‘देखतखेंवो’ यांत तो क्रियापदाच्या शेपटीला येतो, त्याचा मिठीशी संबंध नाही. शिवाय मूळ ओळीत खेंव नाहीच, सरळ क्षेम आहे. ‘क्षणभर’ कुठून काढलंत?

खाडीपलीकडचा:
माझी आपली एक शंका. मला वाटतं ‘खवा’ म्हणजे खांदा, त्याच्याशीही संबंध असावा. मिठीत मान खांद्यावरच जाते.

बापू_देवरुख:
असं पटलं म्हणून व्युत्पत्ती होत नसते हो.

पखवाजवाला:
आमच्याकडे तेका वेंग म्हणतत. क्षेम नाय, खेंव नाय नि मिठी पण नाय. पाडेली माडार चढताना आधी खोडाक वेंग मारता ती बघलास काय? छाती खोडाक लागता, गाल लागता, मगे पाय उचलता. देवाक भेटूक जाणारी बाय तशीच जायत. भाच्याक सांग, पुण्यात माड नसात तर हय येवन बघ.

वेंगुर्लेकरीण:
बुवा, वेंग मला माहीत आहे हो, पण कोलकात्याच्या विहीणबाईंना इंग्रजीत वेंग कशी सांगू?

खाडीपलीकडचा:
वेंगेवरूनच वेंगुर्ला! आमचे आजोबा सांगायचे, देवीचं वारूळ वाढत गेलं, एकाने वेंगेत धरायला पाहिलं तर वेंगेत मावून उरलं. वेंगेत उरलं ते वेंगुर्लं.

बापू_देवरुख:
आणि देवरुखात देव रुसला म्हणून देवरुख. चालू द्या.

निवृत्त_बाई_गुहागर:
हसू नका कोणाला. गोष्ट म्हणून छान आहे, व्युत्पत्ती म्हणून सोडून द्या.

मला भाच्याची अडचण वेगळीच दिसते. त्याला कोशाने अडवलेलं नाही, लाजेने अडवलंय. देवाला मिठी मारायला धावली म्हटलं की कसंसं वाटतं, खुशाली कशी सभ्य. मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. विरहिणी आली की वर्गात मागच्या बाकावर खसखस पिकायची, आणि आमच्यातले काही गुरुजी घाईघाईने ‘येथे जीवात्मा परमात्म्याची भेट इच्छितो’ असं फळ्यावर लिहून मोकळे व्हायचे. फळा पुसला की अभंगही पुसला जायचा.

अलिबागकर:
पण बाई, गुरुजी चूक कसे? वारकरी संप्रदायात विठ्ठल माउली आहे. प्रियकर-प्रेयसीची मधुरा भक्ती उत्तरेकडची, आपल्याकडे लेकराचा भाव. क्षेम म्हणजे मिठी मान्य, पण ती आईला मारलेली. भाषांतरात नको तो रंग येऊ नये एवढंच म्हणणं.

निवृत्त_बाई_गुहागर:
‘चंदनाची चोळी माझें सर्व अंग पोळी.’ आईच्या आठवणीने चोळी पोळते का? ‘सुमनाची सेज सीतळ वो निकी, पोळे आगीसारिखी.’ ही सेज कोणत्या लेकराची? ज्ञानोबांना लाज वाटली नाही, आपण का त्यांच्या वतीने लाजायचं? जनाबाई एकीकडे ‘विठू माझा लेकुरवाळा’ म्हणते आणि दुसरीकडे ‘डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारीं जाईन मी’. तिच्या एकाच घरात दोन्ही भाव नांदतात. उत्तर-दक्षिण वाटण्या नंतरच्या लोकांनी केल्या.

आणि ताई, भाच्याला आणखी एक विचारा. ‘एकली’ त्याने काय केलंय? बोलणारी बाई आहे हे इंग्रजीत कळतंय का? ‘पाया पडूं गेलें’, ‘क्षेम देऊं गेलें’ ही बाईची रूपं. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि ‘गेलें’चं ‘गेले’ झालं. आता पोरांना वाटतं, ते गेले, अनेकवचन. आमच्या आत्या ‘मी आल्ये’, ‘मी गेल्ये’ म्हणत, त्यांना हा प्रश्न पडला नसता.

वेंगुर्लेकरीण:
बघितलं आत्ता. त्याने ‘आय वेंट’ केलंय. त्यात बाई-बुवा काहीच कळत नाही. छापखानेवाला तर म्हणतोय की एवढे अनुस्वार कशाला, तो काढून टाकणार होता. त्याला आत्ताच फोन केला.

वसईचा_जोसेफ:
भाच्याच्या उलट उदाहरण देतो. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज. १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली त्याचं ख्रिस्तपुराण रायतूरला छापलं गेलं, मराठी ओव्यांत. इंग्रजाला आपल्या देवाविषयी सांगायचं होतं, तर ओवी शिकला. आपण ओवीवाले, आपल्याला आपला देव इंग्रजीत सांगताना घाम फुटतो. आमच्याकडे प्रार्थनेत ‘प्रभूचे सान्निध्य’ म्हणतात. शब्द चांगला आहे, पण त्यात हात नाहीत. क्षेमात हात आहेत.

पखवाजवाला:
ह्या बरा बोललास.

खाडीपलीकडचा:
मिठीचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आरतीनंतर ‘घालीन लोटांगण’ म्हणताना ‘प्रेमे आलिंगन’ की ‘प्रेमे आलिंगीन’? आमच्या घरी दरवर्षी यावरून वाद होतो, कापूर विझायची वेळ येते.

बापू_देवरुख:
आलिंगीन. वादच नाही. घालीन, वंदीन, पाहीन, पूजीन, ओवाळीन, सगळी ‘मी करीन’ची रूपं आहेत, मधेच एक नाम कसं येईल? ‘प्रेमे आलिंगन’ म्हटलं तर आलिंगन काय करायचं हे सांगायला क्रियापदच उरत नाही. लोक नामदेवांचं कडवं वर्षानुवर्षं मोडून म्हणतायत. ‘संकटी पावावे’चं ‘संकष्टी पावावे’ केलंच आहे, ‘फणिवरबंधना’ला तर काही घरांत ‘फळीवर वंदना’ करतात.

पखवाजवाला:
आमच्या वाडयेत सगळेच ‘आलिंगन’ म्हणतत. माटयेक कवंडाळां बांधलली, म्होरे काळ्या वाटाण्यांचा सांबारा शिजताहा, पोरां भुकेली, तेवा व्याकरण कोण बघता? इतकी वर्षां झाली, गणपती काय रुसान गेलो नाय. दरवर्षी येताच हा.

बापू_देवरुख:
देव येतो म्हणून भाषा शुद्ध ठरत नाही, बुवा.

पखवाजवाला:
भाषा शुद्ध म्हणान देव येता, असा पण नाय मा?

अलिबागकर:
रूढ झालं ते मराठी, हा बुवांचा मुद्दा क्षणभर मान्य करू. मग आज ‘क्षेम’ म्हणजे खुशाली हेही रूढच झालंय. मग भाचा बरोबर! बापूकाका, तुम्हाला एक बाजू निवडावी लागेल. ‘आलिंगीन’ला जुनं ते खरं आणि बुवांना मात्र…

बापू_देवरुख:
माझी बाजू पहिल्यापासून एकच आहे, लिहिणाऱ्याने ज्या अर्थाने लिहिलं तो अर्थ. बुवांनीच दोन बाजू धरल्यात. वेंगेसाठी जुनं हवं, आरतीसाठी चालू हवं.

पखवाजवाला:
माका दोनय हवीत. भजनाच्या डबलबारीत एकच बुवा गायलो तर लोक उठान जातत.

निवृत्त_बाई_गुहागर:
भांडण छान चाललंय, पण ओळीकडे कोणी बघत नाही. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात शेवटाकडे कृष्ण अर्जुनाला मिठी मारतो. गीतेत ही मिठी नाही, ज्ञानोबांनी घातली. ‘हृदया हृदय एक जालें । ये हृदयींचें ते हृदयीं घातलें । द्वैत न मोडितां केलें । आपणाऐसें अर्जुना ॥’ द्वैत न मोडितां! दोघे दोघेच राहिले, म्हणून मिठी झाली. आणि इथे विरहिणी धावत जाते, पाया पडायला जाते तर पाऊल दिसेना, समोर की पाठमोरा कळेना, हात पसरते तर ‘मीचि मी एकली’. दुसरं कोणी उरलंच नाही. तत्त्वज्ञानी माणूस इथे टाळी वाजवेल, अद्वैत झालं म्हणून. ही बाई मात्र म्हणते, माझी मिठी राहिली.

म्हणून क्षेमाचा अर्थ खुशाली केला तर सगळंच ढासळतं. खुशाली विचारायला गेले आणि मी एकटीच होते, म्हणजे घरी कोणी नव्हतं, कडी लावून परत आले, असं होतं.

आणि वेंगुर्लेकरीणताई, तुम्ही पहिल्याच मजकुरात लिहिलंत ते कोणी वाचलं की नाही कळत नाही. तुमची आजी त्या ओळीला कोणाचे दंड धरायची?

वेंगुर्लेकरीण:
स्वतःचे.

(बाई, मी हे इतकी वर्षं बघत होते. थंडी वाजते म्हणून धरते असं लहानपणी वाटायचं.)

वसईचा_जोसेफ:
मग पत्रकात ‘एम्ब्रेस’ लिहा आणि मोकळ्या व्हा.

बापू_देवरुख:
‘एम्ब्रेस’मध्ये कुशल गेलं. क्षेमात दोन्ही आहे. माझं मत, इंग्रजीतही ‘क्षेम’ तसंच ठेवा आणि खाली एक ओळ टीप द्या.

अलिबागकर:
टीप वाचायला विहीणबाई देवळात चष्मा शोधणार?

खाडीपलीकडचा:
बांद्याच्या संत सोहिरोबांचं कोणी नावच घेतलं नाही. आपल्या मातीतला माणूस. ‘हरिभजनावीण काळ घालवूं नको रे’ सगळ्यांना पाठ, पण त्यातच ‘दोरीच्या सापा भिवुनी भवा, भेटि नाहीं जिवाशिवा’ आहे. त्यांनी नुसतं ‘भेट’ म्हटलं. साधा शब्द, कोणाची भांडणं नाहीत. पत्रकात भेट वापरा.

बापू_देवरुख:
भेट हा शब्द मुळात कुठला, यावर वेगळा धागा काढावा लागेल.

पखवाजवाला:
काढ मरे. पावस थांबलोहा, भात कापूक अजून चार दिस हत.

वेंगुर्लेकरीण:
भाच्याला सगळं वाचायला दिलं. मिठी मान्य, ‘एकली’साठी ‘अ वुमन अलोन’ करतो म्हणाला. ते मला जरा जास्तच वाटलं, बघते. पण आता त्याचा नवा प्रश्न आहे. ‘आसावला जीव राहो’ म्हणजे जीव आसावलेलाच राहून गेला अशी तक्रार, की आसावलेलाच राहो असं मागणं? त्याप्रमाणे शेवटची ओळ बदलेल. छापखाना उद्या अकराला उघडतो.

बापू_देवरुख:
तक्रार.

निवृत्त_बाई_गुहागर:
मागणं.