मुलांचा सत्कार: तुमचं मत कळवा

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. सोसायटीच्या यंदाच्या वार्षिक कार्यक्रमात आजारपण किंवा अपंगत्व असूनही धीराने वागणाऱ्या आपल्या मुलांना ट्रॉफी द्यावी, असं कमिटीत चाललंय. नावं सुचवा.

ए-१०३: फारच छान कल्पना!

ए-४०२: बी-२०५ मधली छोटी. रोज इंजेक्शनं घेते, पण कायम हसतमुख. बघून आपल्यालाच बळ येतं.

बी-२०५: काकू, तुम्ही तिची आठवण ठेवलीत, बरं वाटलं. थोडं सविस्तर लिहू का?

तिला टाइप १ डायबिटीस होऊन तीन वर्षं झाली. (गोड खाल्ल्याने होत नाही हा. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते.) दिवसाला चार इंजेक्शनं, शिवाय पाच-सहा वेळा बोट टोचायचं. सुईचं आता तिला फारसं काही वाटत नाही. धीर लागतो तो खाली खेळताना. शुगर ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो. मग १५ ग्रॅम साखर घ्यायची, १५ मिनिटं बसायचं, पुन्हा तपासायचं. तोवर डाव पुढे गेलेला असतो. दोनदा तिने हे लपवलं, सगळे चिडतील म्हणून. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच सगळ्यांसमोर म्हणाली, ‘मला आत्ता थांबायला हवं.’ मी गॅलरीतून बघत होते. माझ्या लेकीचा धीर मला त्या दिवशी दिसला.

आणि ती कायम हसतमुख नसते, काकू. चिडते, रडते, ‘मलाच का’ म्हणून दार आपटते. हसरी म्हणून बक्षीस मिळालं, तर तिला रडायचीही चोरी होईल.

सी-३०१: ताई, वाचून गलबलून आलं. इन्सुलिन सगळ्यात आधी एका मुलालाच दिलं होतं, त्याची आठवण झाली. लेनर्ड थॉम्पसन, वय १४, टोरोंटो. ११ जानेवारी १९२२ ला पहिलं इंजेक्शन दिलं. औषध पुरेसं शुद्ध नव्हतं, त्याला रिअ‍ॅक्शन आली. मग शुद्धीकरण सुधारून २३ जानेवारीला पुन्हा दिलं आणि शुगर उतरली. त्यानंतर तो तेरा वर्षं जगला. औषध शोधणाऱ्यांची नावं शाळेत शिकवतात. एकदा त्रास होऊनही बारा दिवसांनी पुन्हा सुईला सामोरा गेलेला हा मुलगा मात्र कुणाला माहीत नसतो.

डी-१०१: आमच्या चिरंजीवांना विचारलं. त्याचा प्रश्न: ‘ट्रॉफी कशाबद्दल? मला चालता येत नाही याबद्दल?’

मागे एका कार्यक्रमात स्टेजला रॅम्प नव्हता. दोघांनी त्याला व्हीलचेअरसकट उचलून वर नेलं, टाळ्या वाजल्या. घरी येऊन म्हणाला, ‘बाबा, मला सामानासारखं नेलं.’ ते वाक्य मला अजून विसरता येत नाही. आज त्याने स्वतःहून एक गोष्ट सांगितली. पाठीच्या ऑपरेशनआधी त्याने डॉक्टरांना विचारलं होतं, ‘जाग आल्यावर किती दुखेल? खरं सांगा.’ आणि खरं ऐकून घेऊन मगच हो म्हणाला होता. ‘द्यायचंच तर याबद्दल द्या,’ म्हणतोय.

ए-१०३: दादा, हे आम्हाला कुठे माहीत होतं! पण मग आपणहून कौतुक करायचंच नाही का?

बी-२०५: करा ना, जरूर करा. फक्त आजाराचं नको, तिने जे केलं त्याचं करा. आणि चारचौघांत सांगण्याआधी तिला विचारा.

ए-२०१: संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातही हे आहे. कलम ७: अपंग मुलांना त्यांच्याबद्दलच्या प्रत्येक बाबतीत मत मांडण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी लागेल ती मदतही मिळायला हवी. आपण इथे नावं सुचवत बसलोय, मुलांना कुणीच विचारलं नव्हतं.

सेक्रेटरी: मान्य. चूक माझी. नावं मागवणं थांबवतो. प्रत्येक मुलाला त्याच्या घरी जाऊन विचारू, नको म्हणालं तर विषय तिथेच संपला. स्टेजला रॅम्प नक्की होणार, ते काम माझ्याकडे.

ए-४०२: बी-२०५, छोटीला काय हवंय गं?

बी-२०५: आत्ताच विचारलं, काकू. स्टेज नको म्हणाली. ‘मी थांबते तेव्हा १५ मिनिटं डाव थांबवतील का?’

ए-१०३: आमचे दोघं इथेच आहेत. त्यांना वाचून दाखवलं. धाकटा विचारतोय, नुसतं थांबायचं की तिच्याजवळ येऊन बसलं तर चालेल?

बी-२०५: विचारते.

बी-२०५: चालेल म्हणाली.