चार्टवर नुसतं ‘लीगली ब्लाइंड’, कोड कुठला लावू?

मालाड_नाइटशिफ्ट: मेडिकल कोडिंगचं काम, अमेरिकन क्लायंटच्या पेशंटचा चार्ट (वैद्यकीय नोंद) आहे, आजाराला आयसीडी-१०-सीएम यादीतला कोड लावायचाय. काचबिंदू आणि ‘लीगली ब्लाइंड’, एवढंच. दृष्टीचे आकडे नाहीत. एच५४.८ (अमेरिकी व्याख्येचं कायदेशीर अंधत्व) लावू की एच५४.३ (दोन्ही डोळ्यांची दृष्टी कमी, पण किती ते नमूद नाही)? आमचा क्यूए (कोड तपासणारा) दोन्हीला नाक मुरडतो.

कोडर_काकू: अगं, एच५४.८ लाव, पण काचबिंदूचा कोड आधी. मूळ कारण पहिलं, हे एच५४ खालीच लिहिलंय. दोन्ही डोळ्यांना ‘ब्लाइंडनेस’ किंवा ‘लो व्हिजन’ म्हटलंय पण कॅटेगरी (दृष्टी किती कमी, त्याची श्रेणी) नाही, तेव्हा एच५४.३. उद्या डॉक्टरांनी कॅटेगरी दिलीच तर एच५४.८ काढ, दोन्ही एकत्र चालत नाहीत. अमेरिकेत लीगली ब्लाइंड म्हणजे चांगल्या डोळ्याला चष्म्यासकट २०/२०० (इतरांना २०० फुटांवरून दिसतं ते २० फुटांवरून दिसणं) किंवा त्याहून वाईट, नाहीतर दृष्टिक्षेत्र २० अंश किंवा कमी. डब्ल्यूएचओचं अंधत्व ३/६० (मीटरमध्ये; म्हणजे २०/४००) च्या खाली सुरू होतं. त्यामुळे तोच पेशंट कॅटेगरीने लो व्हिजनमध्येही बसू शकतो. क्यूएला हे माहीत असायला हवं खरं तर!

बोरिवली_फास्ट: आकडे असले तरी चष्म्यासकट की चष्म्याविना, ते बघ. डॉक्टर हमखास लिहीत नाहीत.

मालाड_नाइटशिफ्ट: थँक्यू काकू. फील्ड टेस्टच्या (दृष्टिक्षेत्र तपासणीच्या) रिपोर्टसाठी डॉक्टरांना क्वेरी टाकतेय.

कोडर_काकू: टाक. आणि ‘कोणता कोड लावू’ असं नको विचारूस, कॅटेगरी विचार.