दाजी दुबईहून येऊलालेत, मामांसाठी पहिली सिंगल माल्ट कुठली सांगू?

उद्यमबागचा पोरगा
नमस्कार मंडळी. आमचे दाजी गणपतीला येऊलालेत, बेंगळूरला उतरून रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेळगाव. ड्युटी फ्रीमधनं एक बाटली आणा म्हणून सांगायचंय. माझ्यासाठी नव्हे, मी ज्यांच्या हाताखाली फाउंड्रीत काम शिकलो ते मामा या महिन्यात रिटायर होतात. सणासुदीला दोन पेग घेणारा माणूस, आयुष्यभर ब्लेंडेड व्हिस्कीच, आणि एकदा जेवताना म्हणाले होते की सिंगल माल्ट म्हणजे नेमकं काय ते एकदा बघायचं राहिलं बघ. ते माझ्या डोक्यात बसलंय. बजेट पाच हजार, त्याच्या वर जमणार नाही. एकानं ग्लेनलिव्हेट १२ सुचवलं. घेऊ काय? आणि मामा कुठलीही वस्तू हातात घेतले की कोण केलं, कुठं केलं, कसं केलं विचारणारच, त्यामुळं थोडी माहिती पण सांगा.

टिळकवाडी
घे डोळे झाकून. पहिल्यांदा पिणाऱ्यासाठी याच्याएवढी सोपी नाही. हलकी, गोडसर, थोडी अननसासारखी, थोडी व्हॅनिला, धुराचा वास अजिबात नाही. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीतली, म्हणजे दारू गाळायच्या एकाच कारखान्यातली, फक्त मोड आणलेल्या बार्लीची, तांब्याच्या भांड्यात घाणा घाणा करून काढलेली, आणि स्कॉच म्हणायचं तर स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं ठेवलेली. मामा पितात त्या ब्लेंडेडमध्ये अशा बऱ्याच माल्ट आणि वर दुसऱ्या धान्याची व्हिस्की मिसळलेली असते. १२ म्हणजे बाटलीतली सगळ्यात कोवळी व्हिस्कीसुद्धा १२ वर्षं पिंपात होती. एक सांगतो, शेल्फवर फाउंडर्स रिझर्व्ह पण दिसेल, तीच कंपनी, पण त्याच्यावर वय लिहिलेलं नसतं. दाजींना १२ आकडा बघूनच घ्या म्हणावं.

चोर्ला घाट
माहितीचं मी सांगतो, कारण ही गोष्ट मला मनापासून आवडते आणि आपण सीमेवरची माणसं, आपल्याला ती लगेच कळते. ग्लेनलिव्हेट म्हणजे लिव्हेट नदीचं खोरं, स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागात, डोंगराच्या आत. तिथं एकेकाळी घरोघरी चोरून दारू गाळायचे, कर भरायला कोण तयार नव्हतं, आणि रात्री तट्टांवर लादून डोंगरवाटांनी खाली नेऊन विकायचे, आणि ती माल म्हणून इतकी चांगली की १८२२ ला खुद्द राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा त्याला पण ग्लेनलिव्हेटचीच पाहिजे होती, म्हणजे कायदा ज्याच्या नावानं चालतो तोच चोरटी दारू मागूलालाय. १८२३ ला कायदा बदलला, १० पौंड भरून परवाना घ्या, माफक कर भरा आणि उघड्यावर गाळा. जॉर्ज स्मिथ म्हणून तिथला एक शेतकरी, ड्यूक ऑफ गॉर्डनचं कूळ, त्यानं १८२४ ला परवाना घेतला. आता शेजारी सगळे चोरून करणारे, त्यांना वाटलं हा फितूर झाला, तुझी भट्टी तुझ्यासकट जाळू म्हणून धमक्या. तेव्हा अबरलोरच्या जमीनदारानं त्याला पिस्तुलांची जोडी दिली आणि ती कमरेला लावून हा माणूस कित्येक वर्षं वावरला. पिस्तुलं डिस्टिलरीनं अजून जपून ठेवलीत.

मला यातलं पिस्तुलापेक्षा ते दुसरं जास्त मोठं वाटतं, चारचौघं एका वाटेनं चाललेली असताना आपल्याच गावात राहून वेगळं वागायचं, गाव सोडून जायचं नाही. मामांना हे नक्की सांग.

पुढं धंदा वाढला, १८५९ च्या सुमारास मिनमोरला मोठी डिस्टिलरी बांधली. मग नाव एवढं झालं की आजूबाजूचे सगळेच आपल्या बाटलीवर ग्लेनलिव्हेट लिहू लागले, आपल्याकडं गोकाकचा करदंट म्हणून कुठल्याही गावात केलेला विकतात तसं. जॉर्जच्या पोरानं, जॉन गॉर्डन स्मिथनं, भांडून १८८४ ला निकाल लावून घेतला, नुसतं 'द ग्लेनलिव्हेट' फक्त आमचं, बाकीच्यांनी आपल्या नावाला जोडून लिहायचं. म्हणून जुन्या लेबलांवर मॅकालन-ग्लेनलिव्हेट, अबरलोर-ग्लेनलिव्हेट असं दिसतं.

निपाणीकर
गोष्ट चांगली आहे पण मी ग्लेनफिडिक १२ म्हणेन. ग्लेनलिव्हेट आज मोठ्या फ्रेंच ग्रुपकडं आहे, ग्लेनफिडिक अजून विल्यम ग्रँटच्या घराण्याकडंच. हा माणूस वीस वर्षं दुसऱ्याच्या डिस्टिलरीत, मॉर्टलॅकला, नोकरी केला, पैसे साठवला, आणि १८८६ ला डफटाउनमध्ये सात पोरं आणि दोन पोरी घेऊन स्वतःच्या हातानं दगड रचून डिस्टिलरी उभी केली. भट्ट्या नव्या परवडत नव्हत्या म्हणून कार्डू डिस्टिलरीच्या जुन्या घेतला. १८८७ च्या नाताळादिवशी पहिली धार पडली. आयुष्यभर दुसऱ्याकडं राबलेल्या कारागिराला द्यायला याच्यापेक्षा चांगली बाटली कुठली?

उद्यमबागचा पोरगा
निपाणीकर, तुम्ही घोळ करून ठेवलात. दोन्ही वाचून अंगावर काटा आला. एक विचारतो, भांडं तांब्याचंच का? आमच्यात कास्ट आयर्न, मामा पहिला प्रश्न हाच विचारणार.

टिळकवाडी
दोन कारणं. तांब्याला आकार देणं सोपं आणि उष्णता चांगली पसरते, हे एक. दुसरं खरं, वाफ तांब्याला घासून वर जाते तेव्हा गंधकाचा कुजका वास तांबं धरून ठेवतं, दारू स्वच्छ होते. त्यात तांबं झिजतं पण, पत्रा पातळ झाला की भांडं बदलतात, आणि बदलताना जुन्याचाच आकार ठेवतात कारण चव आकारावर असते. ग्लेनलिव्हेटची भांडी उंच, बारीक मानेची, जड वाफ वरपर्यंत पोचतच नाही, परत खाली पडते, म्हणून ती एवढी हलकी लागते. पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, बदलला की कास्टिंग बदलतं, मामांना एका वाक्यात कळेल.

खानापूरची पोरगी
सगळे स्कॉटलंडला गेलात, आपल्या राज्यातलं अमृत कुणाच्या लक्षात नाही? बेंगळूरची कंपनी, १९४८ पासूनची, जगदाळे घराण्याची. २००४ ला त्यांनी आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत जाऊन बाजारात आणली, म्हणजे स्कॉच पिणाऱ्यांच्या दारात. तिकडं पिंपातनं वर्षाला साधारण २ टक्के उडून जातं, बेंगळूरच्या उन्हात त्याच्या कितीतरी पट, म्हणून इथं चार-पाच वर्षांतच व्हिस्की तयार होते. माझे बाबा तीच घेतात. ड्युटी फ्रीचं स्कॉच दाजी आणूदेत, पण पुढच्या वेळी ही बघा.

चोर्ला घाट
बरोबर आहे ताईंचं. आणि भावा, मामांना पहिला घोट बर्फ न घालता दे, मग चमचाभर साधं पाणी, वास कसा उघडतो ते त्यांनाच बघूदे. सोडा नको, निदान पहिल्या पेगात. दाजींना बिल जपून ठेवायला सांग, आणि एका माणसाला २ लिटरच आणता येतं.

उद्यमबागचा पोरगा
दाजींना मेसेज केलो. ग्लेनलिव्हेट १२, एक लिटरची. निपाणीकर, रागावू नका, तुमची सात पोरांची गोष्ट पण मामांना सांगणारच. त्यांना दोन पोरी, दोघी शिकून नोकरीला लागल्या त्या याच फाउंड्रीच्या पगारावर. रविवारी त्यांच्या घरी वडगावला जातो, काय म्हणाले ते इथंच येऊन लिहितो.