खेळातून पोहणे आणि पाण्याची सावधगिरी: तलाव नसलेल्या गावात सुरुवात कशी करावी?

प्रश्न (प्राथमिक शिक्षिका, नाशिक जिल्हा)

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवते. आमच्या शिवारात विहिरी आहेत, पाट आहे आणि अलीकडे शेततळीही बरीच झाली आहेत. पोहण्याचा तलाव मात्र तालुक्याच्या गावीच आहे. एप्रिल-मे महिन्यांत आईवडील कामात असताना मुले पाण्याकडे वळतातच आणि नुसते ‘जाऊ नका’ म्हणून ती थांबत नाहीत, हे दरवर्षी दिसते. म्हणून पाण्याची सावधगिरी आणि पोहण्याची पहिली पायरी खेळातून शिकवावी, असे मनात आहे. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी कोणते खेळ घ्यावेत, त्यांपैकी कोणते शाळेच्या पटांगणातच होऊ शकतील आणि मुलांना पाण्यात कधी व कोठे उतरवावे, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ (जलतरण प्रशिक्षक, कोल्हापूर)

बाई, आपण वयोगट योग्य निवडला आहे. शाळकरी वयाच्या मुलांना पोहण्याची आणि पाण्यातील सुरक्षिततेची मूलभूत कौशल्ये शिकवावीत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करते. बांगलादेशात ‘स्विमसेफ’ नावाचा उपक्रम आहे. त्यात गावातल्याच तळ्यात बांबूचा मंच बांधून मुलांना शिकवतात. मुलाला 25 मीटर पोहता यावे, 30 सेकंद तरंगता यावे आणि स्वतः पाण्यात न उतरता दुसऱ्याला मदत करता यावी, एवढीच तेथील अपेक्षा असते. आपलेही उद्दिष्ट एवढेच असावे, असे मला वाटते. सफाईने हात मारणे, सूर मारणे हे सगळे नंतर पाहता येईल.

सुरुवात घमेल्यापासून करावी. घमेल्यात पाणी भरून त्यावर टेबल टेनिसचा चेंडू सोडावा आणि मुलाने फुंकर मारत तो पलीकडच्या कडेला न्यावा. हे जमले की ओठ पाण्याला टेकवून आणि त्यानंतर तोंड बुडवून बुडबुडे काढायला सांगावे. श्वास पाण्यात सोडायचा आणि तोंड वर आल्यावर घ्यायचा, ही लय पटांगणातच अंगवळणी पडते आणि नाकातोंडात पाणी जाण्याची धास्तीही येथेच कमी होते.

पाण्यातला पहिला खेळ ‘कासव आणि चांदणी’. ‘कासव’ म्हटले की गुडघे पोटाशी घेऊन तोंड पाण्यात आणि पाठ वर. ‘चांदणी’ म्हटले की उताणे होऊन हातपाय पसरायचे, कान पाण्यात आणि नजर आभाळाकडे. या खेळातला पालथ्याचे उताणे होण्याचा क्षण सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण अचानक पाण्यात पडलेल्या मुलाला श्वास मिळवून देणारी हालचाल तीच आहे. दुसरा खेळ ‘उडी, वळ, कड धर’. काठावरून उभी उडी मारायची, वर आल्याबरोबर मागे फिरायचे आणि जेथून उडी मारली तीच कड धरायची. तोल जाऊन पडलेल्या मुलाच्या सर्वांत जवळची कड बहुधा त्याच्या पाठीमागे असते, आणि घाबरलेले मूल मात्र तोंड असेल त्या दिशेला हातपाय झाडत जाते. हे सहज जमू लागले की दोन्ही खेळ अंगातल्या कपड्यांसह घ्यावेत, कारण पाण्यात पडणारे मूल पोहण्याच्या पोशाखात नसते.

हे सर्व बेंबीपासून फार तर छातीपर्यंत पाणी असेल अशा हौदात किंवा तालुक्याच्या तलावाच्या उथळ भागातच करावे. विहीर किंवा शेततळे शिकवण्यासाठी मुळीच वापरू नये. एका मोठ्या माणसाकडे तीन-चारपेक्षा जास्त मुले नकोत आणि प्रत्येक मूल हात लांबवला तर पोहोचेल एवढ्याच अंतरावर असावे.

हवेच्या बाजूबंदांविषयीही लिहितो. ते दंडांत अडकवले की मूल पाण्यात उभे राहते, हात मोकळे राहत नाहीत आणि आपल्याला तरंगता येते असा खोटा भरवसा मात्र बसतो. आपल्याकडे पूर्वी पाठीला सुका भोपळा किंवा झाकणबंद डबा बांधून शिकवत. त्यात शरीर आडवे राहते आणि हातपाय मोकळे सुटतात, म्हणून मला ती पद्धत अधिक शहाणपणाची वाटते. अर्थात शिकवणारा शेजारी हवाच.

उत्तर २ (शेतकरी पालक, अहिल्यानगर जिल्हा)

शेततळ्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण शहरातील मंडळींना त्यातला धोका चटकन लक्षात येत नाही. तळ्याच्या उतरत्या बाजूंवर प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर शेवाळ धरले की पाय ठरत नाही आणि हाताला धरायलाही काही मिळत नाही. पट्टीचा पोहणारा मोठा माणूसही तेथे घसरून पुन्हा पुन्हा आत जातो. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतील मोठे तळे 30 बाय 30 मीटरचे आणि 3 मीटर खोल असते. म्हणून तळ्याला कुंपण आणि कुलूपबंद फाटक हवे. चारही बाजूंनी खुंट्यांना बांधलेले, हातभर अंतरावर गाठी मारलेले दोर पाण्यात सोडलेले असावेत आणि काठावर हवा भरलेली एखादी ट्यूब असावी.

मुलांसाठी एक खेळ सुचवतो. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घ्यावा, नीट फेकता यावा म्हणून तळाला थोडे पाणी ठेवून झाकण घट्ट लावावे आणि कडीला लांब दोर बांधावा. पटांगणात चुन्याने रिंगण आखून त्यात एका मुलाला बसवावे. दुसऱ्याने आधी मोठ्याने आरोळी देऊन माणसे बोलवायची, मग कॅन त्याच्यापर्यंत फेकायचा आणि शेवटी स्वतः जमिनीवर पालथे पडून दोर ओढायचा. उभ्याने ओढले तर ओढणाराच आत जातो, हे मुलांना करून दाखवले की लगेच पटते. एकाला वाचवायला भावंडे एकामागून एक उतरतात आणि घरच्या घर उजाड होते, अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. म्हणून ‘आरोळी दे, फेक, आत उतरू नको’ हे मुलांना पाढ्यासारखे पाठ असावे.

उत्तर ३ (वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय)

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत. मला एका खेळावर बंदी घालण्याविषयी सांगायचे आहे. ‘पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो’ ही पैज मुले हमखास लावतात. बुडी मारण्यापूर्वी भराभर खोल श्वास घेतले की रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि श्वास घेण्याची निकड उशिरा जाणवते. तोवर मेंदूला प्राणवायू अपुरा पडून मूल पाण्याखालीच, कोणतीही हालचाल न करता बेशुद्ध होते. चांगले पोहणारी मुलेही याला अपवाद नाहीत.

बुडणारे मूल ओरडते, हात हलवून बोलावते, हा समजही सोडला पाहिजे. श्वासासाठीच झगडत असल्याने त्याला आवाज काढता येत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली होते आणि काही क्षणांत सारे शांत होते. म्हणून देखरेख करणाऱ्या माणसाच्या हातात त्या वेळी मोबाइल नसावा.

बाहेर काढलेल्या मुलाचा श्वास बंद असेल तर त्याला उलटे टांगण्यात, गरगर फिरवण्यात किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. तोंडाने श्वास देण्यापासून सुरुवात करावी, त्यानंतर छातीवर दाब आणि श्वास हे 30 ला 2 या प्रमाणात चालू ठेवावे आणि तोपर्यंत दुसऱ्याने 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हे वाचून येत नाही, पुतळ्यावर हाताने करून पाहावे लागते; आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला शाळेत प्रात्यक्षिक देण्याची विनंती अवश्य करा.

प्रश्नकर्त्या

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घमेल्याचा आणि कॅनचा खेळ याच आठवड्यात सुरू करते. एक अडचण मात्र आहे: पोहायला आले की मुले धीट होतील आणि उलट जास्त पाण्यात जातील, असे काही पालकांचे म्हणणे आहे. त्यांना काय सांगावे?

उत्तर ४ (जलतरण प्रशिक्षक, कोल्हापूर)

पालकांची भीती रास्त आहे, तिला हसण्यावारी नेऊ नये. बांगलादेशात नेमक्या याच शंकेचा अभ्यास झाला होता आणि पोहणे शिकलेली मुले त्यामुळे पाण्यात अधिक धोका पत्करतात, असे तेथे आढळले नाही. मात्र त्या मुलांना पोहण्याबरोबर सावधगिरीचे नियमही शिकवलेले होते, हे पालकांना आवर्जून सांगा. आपल्याकडेही मोठे माणूस सोबत नसताना पाण्यात पाऊल टाकायचे नाही, हा नियम प्रत्येक खेळात पाळला जावा. ‘उतरू का?’ असे विचारून ‘उतर’ हा शब्द ऐकल्याशिवाय जो पाण्यात जाईल, तो त्या दिवशी खेळातून बाद. मग तो कितीही चांगला पोहत असो. पालकांना एखाद्या सत्राला काठावर बसवा आणि ‘उतर’ म्हणण्याचे काम त्यांच्याकडे द्या. घरी गेल्यावरही परवानगी त्यांच्याकडेच मागायची, हे मुलांना त्यातून समजते.