पायगेमचा खेळ फोनवर उघडतो आणि लगेच बंद पडतो

माडतळ (फोंडा):
पायगेममध्ये (पायथॉन भाषेत खेळ बनवायचं साधन) छोटा खेळ केलाय. माडावरून नारळ पडतात, टोपली सरकवून झेलायचे. विंडोजवर व्यवस्थित चालतो. डब्ल्यूएसएल २ मध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) उबुंटू लिनक्स घालून बिल्डोझर या साधनाने एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर घालायची फाइल, केली. फोनवर इन्स्टॉल होते, लोगो दिसतो आणि खेळ बंद. चवथीला मुलं जमतील तेव्हा त्यांच्या फोनवर घालून द्यायचाय, दोघांकडे आयफोन आहेत. काय तपासू?

खाजन (म्हापसा):
अंदाज बांधत बसू नका, फोन काय म्हणतो ते आधी वाचा. फोनवर यूएसबी डिबगिंग चालू करून लॅपटॉपवर 'एडीबी लॉगकॅट -एस पायथॉन' ही आज्ञा चालवा. एडीबी फोनमधल्या नोंदी लॅपटॉपवर दाखवतं. डब्ल्यूएसएलला यूएसबीवरचा फोन आपोआप दिसत नाही, म्हणून एडीबी विंडोजमधूनच चालवा.

'फाइल नॉट फाउंड' आलं तर बिल्डोझरची स्पेक (सेटिंग्जची) फाइल उघडा. 'सोर्स.इन्क्लूड_एक्स्ट्स' या ओळीत मुळात पीवाय, पीएनजी, जेपीजी, केव्ही आणि अ‍ॅटलस एवढेच प्रकार असतात. तुमच्या डब्ल्यूएव्ही, ओजीजी (आवाज) आणि टीटीएफ (फॉन्ट) फायली एपीकेत शिरतच नाहीत, ते प्रकार त्या ओळीत वाढवा. लॅपटॉपवर फोल्डर शेजारीच असतो, म्हणून तिथे कळत नाही. फायलींच्या नावांतली मोठी-लहान इंग्रजी अक्षरंही जुळवा. विंडोज ती सारखीच धरतं, अँड्रॉइड धरत नाही.

'नो मॉड्यूल नेम्ड पायगेम' आलं तर त्याच फाइलच्या रिक्वायरमेंट्स ओळीत पायथॉन३ आणि पायगेम लिहा. मुळात तिथे पायगेमऐवजी किवी असतं. प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर नको, उबुंटूच्या होम फोल्डरमध्येच ठेवा, नाहीतर बिल्ड फार रेंगाळतो. पहिल्या वेळी एसडीके-एनडीके (अँड्रॉइड अ‍ॅप बनवायची साधनं) इंटरनेटवरून उतरतात. पावसात मध्येच वीज गेली तर अर्धवट उतरलेली फाइल पुसून पुन्हा सुरू करा.

मांडवीकाठ (पणजी):
खेळात मराठी मजकूर असेल तर तोही बघा. पायगेमचा फॉन्ट नेहमीच्या पद्धतीने देवनागरीची अक्षरं जोडत नाही. 'जिंकलात' लिहिलं की वेलांटी ज च्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते, 'पुन्हा' मधला न्ह सुटतो. चार-पाचच शब्द असतील तर त्यांची पीएनजी चित्रं करून दाखवा, हाच खात्रीचा उपाय. आकडे फॉन्टने चालतात, पण सिसफॉन्ट (फोनमधलाच फॉन्ट) वापरू नका, टीटीएफ फाइल सोबत द्या.

टोपलीसाठी 'फिंगरमोशन' (पडद्यावर बोट सरकल्याची सूचना) घ्या. त्यातला एक्स (बोटाची आडवी जागा) पिक्सेलमध्ये नसतो, ० ते १ मध्ये येतो. त्याला पडद्याच्या रुंदीने गुणलं नाहीत तर टोपली डाव्या कडेला चिकटून राहील. मागे जाण्याचं बटण 'के_एसी_बॅक' म्हणून येतं, त्यावर खेळ बंद करा.

आयफोनसाठी पायगबॅग (पायगेमचा खेळ वेबसाठी तयार करणारं साधन) वापरा, खेळ ब्राउझरमध्ये चालेल. मेन फंक्शन असिंक (मध्ये थांबू शकणारं) करा आणि मुख्य लूपच्या प्रत्येक फेरीत 'अवेट असिंकआयओ.स्लीप(०)' घाला. ती ओळ विसरलात तर पान गोठतं. आवाज ओजीजीतच द्या. तयार झिप इच.आयओ या खेळांच्या साइटवर चढवून लिंक पाठवा. आयफोनचं खरं अ‍ॅप करायला मॅक आणि एक्सकोड लागतात.

प्ले स्टोअरच्या वाटेला घरच्यांसाठी जाऊ नका. नव्या वैयक्तिक खात्याला २५ डॉलर भरून वर १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते.

माडतळ (फोंडा):
डब्ल्यूएव्हीच राहिलं होतं, आता चालतो. एका जुन्या फोनवर मात्र 'अ‍ॅप इन्स्टॉल झाले नाही' येतं. वेळ वाचवायला मी आर्म६४ (६४-बिट प्रोसेसरचा प्रकार) एवढंच ठेवलंय.

खाजन (म्हापसा):
तो फोन ३२-बिट असणार. स्पेक फाइलच्या 'अँड्रॉइड.आर्क्स' ओळीत ३२-बिटचं 'आर्मईएबीआय-व्ही७ए' परत घाला, 'बिल्डोझर अँड्रॉइड क्लीन' चालवून नवी एपीके करा.